चुलीच्या नावाने चालणारा कैवार

मुलांना राबवणाऱ्या कारखानदाराने आपण ते नफ्यासाठी करतो, अशी कबुली क्वचितच दिली. १८३५ साली अँड्र्यू यूर या लेखकाने इंग्लंडच्या सूतगिरण्यांतील मुले जणू खेळत असल्याचे चित्र रंगवले. १८८१ चा फॅक्टरी कायदा मुंबईच्या गिरणीमालकांना मँचेस्टरचा कावा वाटला. वास्तविक त्या कायद्याने बंदी घातली होती, ती केवळ ७ वर्षांखालील मुलांना!

भंडारा जिल्ह्याच्या बिडी धंद्यात या समर्थनाने दयेचा वेष घेतला. लहान बोटे चपळ असतात, हुन्नर बालपणीच हाती बसतो आणि पोराची मिळकत थांबली तर घरची चूल विझेल! यातला शेवटचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. तोच सर्वांत फसवा आहे. बिडीची मजुरी हजारी दराने मिळते. आई तेंदूपान कापून बिडी वळते, मूल तिचे तोंड मुडपते. हजार भरतात दोघांच्या हातांनी, मजुरी एकीच्याच नावे. मुलाचे श्रम दरात आधीच गृहीत धरलेले असतात. म्हणजे ज्या दारिद्र्याचा दाखला द्यायचा, ते पोसणाराही हाच दर!

१९३८ आणि १९८६ च्या कायद्यांनी बिडीच्या कारखान्यांत मुलांना मनाई केली. कुटुंबाच्या मदतीने चालणारे काम मात्र वगळले. २०१६ च्या दुरुस्तीने धोकादायक धंद्यांपुरती ही पळवाट बंद केली. परंतु निरीक्षक प्रत्येक उंबरठ्याआत पोहोचत नाही. हजारी दर पोहोचतो. एकट्या आईच्या श्रमावर चूल पेटेल इतका तो झाला, तरच कैवाऱ्यांचे तोंड बंद होईल.