खंड पडणारें इंटरनेट : दोष शोधावा कसा ?

सर्वस्वीं बंद पडलेलें यंत्र एका परीनें बरें. कारागीर येतो, दोष पाहतो आणि दुरुस्त करून जातो. परंतु जें घटकाभर चालतें नि घटकाभर थांबतें, तें घरांतल्या माणसांच्या बुद्धीपेक्षां स्वभावाचीच परीक्षा अधिक घेतें. आमच्या ओझरच्या घरीं गेल्या हिवाळ्यांत महिनाभर इंटरनेटनें हाच खेळ मांडला होता. त्याची हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

आमचें कुटुंब एकत्र. वडील बंधू दादा, आम्ही उभयतां, चिरंजीव, सुना व नातवंडें धरून अकरा पानें वाढावीं लागतात. धाकटी सूनबाई घरीं बसूनच एका परदेशी कचेरीचें काम करते. तिकडे सकाळ होते तेव्हां इकडे दिवेलागण होते; त्याच वेळीं संगणकावर तिची बैठक भरते, आणि नेमकी त्याच वेळीं जोडणी तुटे. दहा मिनिटांनीं येई, पुन्हा जाई. अखेरीस वरिष्ठांकडून तिला लेखी ताकीद आली.

घरांत निवाडा मात्र तत्काळ झाला. दादा विमानांच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. तो कारखाना १९६४ सालीं ओझरास आला, आणि दादांनीं उमेदीचीं सारीं वर्षें तेथें घालविलीं. म्हणून यंत्रांविषयीं त्यांचा शब्द घरांत प्रमाण. “इतक्या मोबाईलांचा भार एका जोडणीवर, त्यांत हिचें काम दिवसभर, दुसरें काय होणार?” असें ते म्हणाले. आम्हींही मान डोलावली. सूनबाई एवढेंच म्हणाली, “मामंजी, मी नोकरी सोडतें, म्हणजे वाद तरी मिटेल.”

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. जन्मभर मुलांना धूर आणि अग्नि यांचें उदाहरण देऊन अन्वय-व्यतिरेक शिकविला. एक गोष्ट असतां दुसरी असते हा अन्वय. पहिली नसतां दुसरीही नसते हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावांचून कारण सिद्ध होत नाहीं. तोंपर्यंत कावळा बसला नि फांदी मोडली, एवढेंच खरें. आणि घरीं मात्र कांहींच न पडताळतां आम्हीं सुनेस कारण ठरवून मोकळे झालों होतों !

दुसऱ्या दिवशीं एक कोरी वही राउटरशेजारीं टांगली. तींत चार रकाने आंखले : जोडणी तुटल्याची वेळ, पेटीवरील दिव्यांची स्थिति, तारेनें जोडलेल्या संगणकावर इंटरनेट चालतें कीं नाहीं, आणि त्या वेळीं घरांत काय चाललें होतें. जो पाहील त्यानें लिहावें, असा नियम केला.

पहिला संशय मायक्रोवेव्ह भट्टीवर आला, कारण सायंकाळीं तींत दूध तापवितात. संशय अगदींच निराधार नव्हता. ती भट्टी आणि वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा यांच्या लहरी जवळपास सारख्याच असल्यामुळें एकीचा दुसरीस उपद्रव होऊं शकतो. अशा वेळीं ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. मात्र त्याचा पल्ला कमी असतो. परंतु आमच्या वहींत तारेचा संगणकही त्याच क्षणीं बंद पडल्याची नोंद होती. अर्थात् वाय-फाय, आणि त्याबरोबर भट्टीही, निर्दोष ठरली. विजेची जोडणी सैल असती, तर पेटीचे सारेच दिवे विझून पुन्हा लागले असते. तसेंही होत नव्हतें. फक्त ‘लॉस’ नांवाचा दिवा लाल होई.

त्या लाल दिव्याचा अर्थ, बाहेरून येणारा प्रकाशच पेटीपर्यंत पोंचत नाहीं. फायबरच्या तारेंत केसासारखा बारीक कांचेचा तंतु असतो व त्यांतून प्रकाश आंतल्या आंत परावर्तन पावत धांवतो. अशा तंतूंतून दूरवर संदेश नेतां येईल, हें चार्ल्स काव यांनीं १९६६ सालीं दाखविलें. त्याबद्दल २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण हा तंतु फार दुमडला किंवा दाबला गेला, तर प्रकाश वाटेंतच बाहेर पडतो. घरांतलीं माणसें कितीही मोबाईल वापरोत, त्यानें वेग मंदावेल. हा दिवा लाल होणार नाहीं. सूनबाई निर्दोष होती.

आतां चौथा रकाना पाहिला. पंधरा दिवसांत दोन सायंकाळीं जोडणी मुळींच तुटली नव्हती, आणि त्या दोन्ही दिवशीं आम्ही लग्नानिमित्त नाशकास होतों. आमचा आणि तारेचा संबंध काय ? विचार करतां एकदम उमगलें. डांस येतात म्हणून दिवेलागणीस माजघराची खिडकी लावण्याचें काम आमचें, आणि फायबरची तार त्याच खिडकीच्या चौकटीवरून आंत आलेली ! खिडकी लावली, दिवा लाल, उघडली, हिरवा. तीनदां करून पाहिलें. वाऱ्यानें झडप हाले, तेव्हां मध्येंच दाब सुटून जोडणी परत येई.

कारागिरास बोलावून दबलेला भाग बदलून घेतला, भिंतींतून भोंक पाडून तार आंत घेतली व मोठा बाक देऊन बसविली. त्या रात्रीं सर्व पानावर बसलीं असतां आम्हीं सांगितलें, “सूनबाई, दोष तुझा नव्हता, आमच्या हाताचा होता.” दादाही म्हणाले, “मीही न पाहतांच बोललों.” सूनबाईनें वहीच्या पानांचीं छायाचित्रें कचेरीस पाठविलीं आणि प्रकरण तेथेंच मिटलें.

ज्यांचा दोष घराबाहेरील तारेंत असेल, त्यांनींही अशी वही ठेवावी. ‘अधूनमधून बंद पडतें’ या तक्रारीपेक्षां तारीख, वेळ आणि दिव्याचा रंग यांस वजन अधिक. तक्रारीचा क्रमांक मागून टिपून ठेवावा; समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागतां येते, अशी सोय २०१२ च्या नियमांनीं केलेली आहे.

आमची वही अजून तेथेंच टांगलेली आहे. जोडणी आतां सहसा तुटत नाहीं, पण घरांत कोणी कोणावर ठपका ठेवूं लागलें, कीं नातवंडें ती काढून पुढें ठेवतात आणि विचारतात, “आजोबा, चौथा रकाना भरला का?”