नमुन्याची किंमत भंगाराच्या भावाने लावू नका

मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस



मी यावलचा. माझे फॅब्रिकेशनचे लहानसे वर्कशॉप आहे. गेट, खिडक्या, ट्रॉलीची दुरुस्ती ही रोजची कामे, आणि केळीचा तालुका असल्यामुळे केळीच्या कामाला लागणारी अवजारे. गेल्या हिवाळ्यात एका कृषी प्रदर्शनातल्या माझ्या स्टॉलवरून मी बनवलेल्या अवजाराचा एकुलता एक नमुना चोरीला गेला. आयोजक कोण आणि गाव कोणते, हे मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्यावर राग काढण्यासाठी हे पत्र नाही. पण त्या चोरीनंतर मला जे कळले, ते आपल्या कानावर घालणे मला गरजेचे वाटते. राज्यातले जिल्हा कृषी महोत्सव आपला विभाग आणि ‘आत्मा’ ही कृषी यंत्रणा भरवतात, आणि तिथे माझ्यासारखे कारागीर, शेतकरी घरी बनवलेल्या वस्तू विश्वासाने मांडतात.

अवजार साधे होते. केळीच्या खोडाभोवती पिलं फुटतात. ती वेळच्या वेळी काढली नाहीत तर आईच्या झाडाचा घड भरत नाही. पिल नुसते विळ्याने कापले तर थोड्याच दिवसांत पुन्हा वर येते, कारण आतला गाभा जिवंत राहतो. हे काम दिवसभर वाकून करावे लागते आणि बहुतेक ठिकाणी ते बाया करतात. मी कमरेच्या उंचीचा पाइप घेतला, खाली ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेले अर्धगोल पाते लावले, बाजूला पाय देण्यासाठी पट्टी जोडली. उभ्याने पाय दाबायचा, पाते पिलाच्या बुडात शिरते, मूठ अर्धी फिरवली की गाभ्यासकट पिल बाहेर.

यातली खरी गोष्ट पात्याच्या कोनात होती. सुरुवातीला पाते सरळ होते. आमच्या शिवारातल्या एका मजूर बाईने ते दोन वाफे चालवून परत आणले आणि म्हणाली, “भाऊ, हे मनगटाले लागतं. जरा बाहीर कलव.” मी कलवले. मग ते शेजारच्या मुळ्यांना लागू लागले. पुन्हा बदलले. असे करत करत एक कोन सापडला, ज्यात मनगटही वाचते आणि आईच्या खोडालाही इजा होत नाही. त्याचा नकाशा मी काढलेला नव्हता. तो कोन त्या पात्यातच होता, आणि पाते गेले.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी स्टॉलवर बरीच गर्दी होती. लोक फोटो काढत होते, व्हिडिओ करत होते, एकाने तर पात्यावर वीत टेकवून माप घेतले. मला तेव्हा आनंदच झाला होता. माणसे इतक्या जवळून पाहत आहेत म्हणजे अवजार पसंत पडले, असे वाटले. सकाळी आलो तर टेबलाच्या पायाला बांधलेली तार कापलेली होती आणि नावाची पाटी खाली पडली होती. कुणी नेले हे मला माहीत नाही, आणि पुराव्याशिवाय मी कुणाकडे बोट दाखवणार नाही. आयोजकांनी मला माझाच भरलेला फॉर्म दाखवला. त्यात छापले होते की प्रदर्शित वस्तूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी प्रदर्शकाची राहील.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, “बिल आहे का?” स्वतः बनवलेल्या वस्तूचे बिल कुठून असणार? मग किंमत लावायला बसलो. पाइप किती किलो, जुना कमानपाटा भंगारात कितीला पडला, दोन नट-बोल्ट, वेल्डिंगचा रॉड. सगळे मिळून आकडा पाच हजारांच्या खूप खाली राहिला. त्यांनी अदखलपात्र म्हणून नोंद घेतली आणि पावती दिली. हवालदारांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जो कायदा आहे त्याप्रमाणे ते वागले.

आयुक्त साहेब, तो कायदा मी नंतर समजून घेतला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचे कलम 303 आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा सामुदायिक सेवेची. असा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. भुकेपोटी भाजी किंवा कोंबडी चोरणाऱ्याला तुरुंगात सडवू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण त्याच चाळणीतून शेतकरी संशोधकाचा नमुना गळून पडतो. दुकानातला मोबाइल गेला तर त्याचे बिल असते, तपास होतो. जगात एकच असलेली वस्तू गेली तर तिला लोखंडाचा भाव लागतो. मी त्यात घातलेले महिने, वाया गेलेली पाती, त्या बाईने सांगितलेली खूण, यातले काहीही पंचनाम्यात बसत नाही.

दुसरा धक्का याहून मोठा होता. मला वाटले, वस्तू गेली तर गेली, पेटंट तरी घेऊ. जळगावच्या एका जाणकाराने सांगितले की अर्ज करण्याआधी मी अवजार चारचौघांत मांडले, तिथेच त्याचे नवेपण संपले. पेटंट कायदा 1970 च्या कलम 31 मध्ये प्रदर्शनासाठी सवलत आहे: प्रदर्शन सुरू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत अर्ज केला तर ते मांडणे आड येत नाही. 2024 च्या सुधारित नियमांत त्यासाठी नमुना 31 हा वेगळा अर्जही आला. पण अट अशी की केंद्र सरकारने ते प्रदर्शन राजपत्रात अधिसूचित केलेले असले पाहिजे. डिझाइन कायद्याच्या कलम 21 मध्येही अशीच सवलत आहे, तिथे मुदत सहा महिन्यांची, आणि मांडण्याआधी नियंत्रकाला कळवावे लागते. तालुक्याच्या मैदानावर मंडप टाकून भरणाऱ्या प्रदर्शनाची राजपत्रात नोंद कोण करतो? हे मला कुणी आधी सांगितले असते, तर मी मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वी तात्पुरत्या तपशिलाचा पेटंट अर्ज केला असता. व्यक्तीसाठी त्याची ऑनलाइन फी 1600 रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. माझ्या स्टॉलचे भाडे याच्याहून जास्त होते.

प्रत्येक देशी अवजाराला पेटंट मिळेल असे माझे म्हणणे नाही. जुन्या गोष्टींची नुसती नवी जुळणी कायदा शोध मानत नाही, आणि माझेही कदाचित त्यातच गेले असते. पण ते ठरवण्याचा हक्क माझ्याकडून अज्ञानामुळे आणि चोरीमुळे काढून घेतला गेला.

प्रदर्शनात शोध चोरीला जाण्याची भीती जुनी आहे, आणि मोठ्या देशांनी ती गांभीर्याने घेतली. 1851 मध्ये लंडनला मोठे प्रदर्शन भरले तेव्हा ब्रिटनच्या संसदेने मांडलेल्या शोधांना संरक्षण देणारा खास कायदा आधीच केला. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या वेळी परदेशी संशोधक यायला कचरू लागले, आपली कल्पना कुणीतरी उचलेल म्हणून. ऑस्ट्रियाला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. या भीतीतून सुरू झालेल्या चर्चेतून पुढे 1883 चा पॅरिस करार झाला. त्याच्या 11 व्या कलमात आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूंना तात्पुरते संरक्षण देण्याचे बंधन आहे. भारत 1998 मध्ये या करारात सामील झाला.

आजही हे थांबलेले नाही. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेत लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात रेझर या कंपनीच्या स्टॉलवरून दोन नमुने चोरीला गेले. कंपनीने माहिती देणाऱ्याला 25,000 डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जगातल्या सर्वात झगमगत्या प्रदर्शनात, पहाऱ्यातही हे घडू शकते. फरक एवढाच की कंपनीकडे नकाशे असतात, वकील असतात, दुसरा नमुना करणारे इंजिनिअर असतात. यावलच्या माणसाकडे तो एक नमुना असतो.

आणि आपल्याच राज्यातले दादाजी खोब्रागडे यांना आपण विसरू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या या अल्पभूधारक शेतकऱ्याने 1983 मध्ये शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जोपासून ‘एचएमटी’ हे धानाचे वाण तयार केले. 1994 मध्ये त्यांचे बियाणे प्रयोगासाठी कृषी विद्यापीठाकडे गेले. 1998 मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण बाहेर आले. विद्यापीठाने शुद्धीकरण केल्याचे सांगितले. दादाजींचे म्हणणे होते की श्रेय आणि मोबदला त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांना गौरवले, 2010 मध्ये फोर्ब्सने त्यांचे नाव घेतले, आणि 3 जून 2018 रोजी हलाखीतच ते गेले. तिथे कुणी तार कापली नव्हती. पण शेतकऱ्याच्या हातून नमुना दुसऱ्याच्या हाती जाताना, तो कुणाचा आणि कोणत्या अटीवर, हे दोघांनाही मान्य होईल असे नीट लिहिलेले असते, तर इतकी वर्षे वाद राहिला नसता.

लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. 1929 मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा पेटंटच्या हक्काचे काय होईल हे अटींमध्येच स्पष्ट सांगितले होते. संशोधकाला आपल्या फायद्यासाठी पेटंट घेता येईल, पण स्पर्धेत उतरायचे तर तो हक्क संघाकडे द्यावा लागेल. ही अट कुणाला पटो न पटो, यंत्र पाठवण्याआधी माणसाला ती वाचता येत होती. आणि आमच्या तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले, तेव्हा खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शनही भरले होते आणि गांधीजी त्यात बोलले होते. गावच्या कारागिराच्या हातातली वस्तू देशापुढे मांडण्याचा मान या मातीने तेव्हा घेतलेला आहे. म्हणून तालुक्याच्या प्रदर्शनाला मी कमी लेखत नाही. तिथेच शेतकरी अवजार हातात धरून पाहतो, आणि त्याच्याच सूचनेने ते सुधारते. ही प्रदर्शने बंद व्हावीत किंवा काचेआड जावीत, असे मला अजिबात वाटत नाही.

माझी मागणी मुख्यतः एका कागदाची आहे. आपल्या विभागाच्या महोत्सवात स्टॉल देताना, स्वतः बनवलेली वस्तू मांडणाऱ्या प्रत्येकाकडून एक नोंदपत्र भरून घ्यावे. त्यात वस्तूचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, मुख्य मापे, बनवायला लागलेला काळ, मजुरी, फसलेल्या प्रयत्नांचा खर्च आणि त्यावरून काढलेली किंमत असावी. खाली तालुका कृषी अधिकाऱ्यांची किंवा कृषी अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांची तारखेसह सही असावी. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही विद्यापीठांत असे जाणकार आहेत. महोत्सवाच्या आधी त्यांनी एक दिवस दिला तरी पुरेल. हे नोंदपत्र गोपनीय राहावे, एक प्रत प्रदर्शकाकडे आणि एक सीलबंद कार्यालयात. उद्या चोरी झाली तर ठाण्यात किंमत सांगायला भंगाराच्या भावाऐवजी सरकारी सहीचा कागद असेल. दुसऱ्या कुणी तीच वस्तू आपली म्हणून पेटंट मागितले, तर कलम 25 खाली हरकत घेताना तोच कागद कामी येईल.

त्याच फॉर्मसोबत मराठीत एक पान द्यावे: मांडण्याआधी अर्ज करा, फी इतकी, गांधीनगरचे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान अशी मदत करते, आणि फोटो काढू द्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. जिल्हा महोत्सव कलम 31 खाली अधिसूचित व्हावेत म्हणून केंद्राकडे प्रस्ताव पाठवण्याचे कामही आपल्या पातळीवरून होऊ शकते. रात्रीच्या पहाऱ्यासाठी नमुने एका कुलूपबंद खोलीत ठेवून सकाळी सहीने परत देणे, एवढी व्यवस्था तर कुठल्याही मैदानावर जमते. आणि ‘जबाबदारी प्रदर्शकाची’ ही ओळ फॉर्ममधून काढून टाकावी. बोलावणाऱ्याने निम्मी जबाबदारी तरी घ्यावी.

अवजार मी पुन्हा बनवतो आहे. कोन अजून पूर्वीसारखा जमलेला नाही. ती बाई या हंगामात दुसऱ्या गावी कामाला गेली आहे, ती आली की तिच्याकडूनच चालवून पाहणार आहे. या वेळी प्रत्येक मापाची वही ठेवली आहे. येत्या महोत्सवाचे निमंत्रण आले आणि त्यासोबत असे नोंदपत्र असले, तर मी नवा नमुना घेऊन नक्की येईन आणि शेतकऱ्यांच्या हातात देईन. नसले, तर येणार नाही, आणि का आलो नाही ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
यावल येथील एक फॅब्रिकेशन कारागीर