पहाटेपर्यंतचे गाणे

डिसेंबर आला, की आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांआडून एक प्रश्न हमखास डोके वर काढतो : तुम्ही प्रत्यक्ष ऐकलेली सर्वांत चांगली मैफल कोणती? ज्याचा त्याचा गवई ठरलेला, ज्याचा त्याचा रागही ठरलेला. मी मात्र प्रत्येक वेळी तीच एक पहाट सांगतो. आणि ती सांगताना, अशी पहाट आता माझ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणार नाही, ही जाणीव अस्वस्थ करून जाते.

ही गोष्ट १९९७ च्या डिसेंबरातली. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची शेवटची रात्र होती. मी पदवीचा विद्यार्थी. एस. टी.च्या शेवटच्या गाडीने साताऱ्याहून आलेलो, अंगावर एक स्वेटर आणि खिशात परतीच्या भाड्याव्यतिरिक्त फारसे काही नाही. भारतीय बैठकीचे तिकीट मात्र परवडले. सतरंजीवर शेजारी बसलेले गृहस्थ कुठल्याशा सरकारी कचेरीत कारकून होते. मध्यरात्रीनंतर थंडी वाढली, तेव्हा त्यांनी न विचारता आपल्या शालीचे टोक माझ्या खांद्यावर टाकले आणि थर्मासच्या झाकणातला चहा पुढे केला.

पहाटेच्या सुमारास पंडित भीमसेन जोशी स्वरमंचावर आले. राग ओळखण्याइतके ज्ञान मला नव्हते. मी हळूच विचारले, "काका, हा कुठला राग?" ते म्हणाले, "सकाळचा आहे. आधी ऐक, बाळ. नाव मागाहून विचार." मग पंडितजींचा षड्ज लागला. मांडवाच्या कडेने काळोख विरळ होत होता आणि गाण्यातही काहीतरी तसेच, सावकाश, उजाडत होते. कोमल स्वरांची ती सकाळ आणि बाहेरची सकाळ यांतले अंतर मिटले. शेवटी रिवाजाप्रमाणे सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लागली, तेव्हा हजारो माणसे उन्हाच्या पहिल्या तिरिपेत निश्चल बसून होती. गर्दी पांगली, ते गृहस्थ कचेरी गाठण्याच्या घाईने निघून गेले आणि रागाचे नाव विचारायचे राहून गेले. ते राहिले, याचे मला आज दुःख नाही. आपण काय ऐकतो आहोत हे कळण्यासाठी रात्रभर जागावे लागते, एवढे त्या दिवशी कळले.

पुढे काळ बदलला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कठोर अंमलबजावणीचा आदेश दिला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. खुल्या मांडवातील रात्रभराच्या मैफली त्यामुळे संपल्या. दरबारी, मालकंस यांचा उत्तररात्रीचा प्रहर गेला. श्रोता जागा राहून पहाटेच्या रागापर्यंत पोचायचा, ती वाटच बंद झाली.

हा कायदा चुकीचा आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. माझी आई ऐंशीच्या घरातली आहे. घराच्या कोपऱ्यावर मांडव पडला, की खिडकीची तावदाने थरथरतात आणि रात्र कशी काढावी हे तिला समजेनासे होते. झोप हा आजाऱ्याचा, म्हाताऱ्याचा, परीक्षार्थीचा हक्क आहे. माझ्या रसिकतेसाठी तो हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. 'आमचे ते संगीत आणि इतरांचा तो गोंगाट' हा युक्तिवाद सुसंस्कृत वाटला, तरी न्यायाचा नव्हे.

परंतु कायदा आपण नीट वाचला आहे काय? त्याच नियमांत बंदिस्त सभागृहांतील अंतर्गत वापरास रात्रीच्या बंदीतून वगळले आहे. म्हणजे कायद्याने रात्रीचे गाणे बंद केले नाही. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद केला. गाणे बंद केले ते आपल्या आळसाने आणि हिशेबाने. महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत नगरपालिकांची नाट्यगृहे आहेत. १९६८ साली उभे राहिलेले पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर हे त्यांतले ठळक उदाहरण. शेवटचा प्रयोग आटोपला, की अशा वास्तू सकाळपर्यंत कुलूपबंद असतात.

येथे अर्थशास्त्राला थोडे बोलू द्यावे. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. कारखान्यात यंत्र सुधारते आणि तेवढ्याच श्रमात अधिक माल निघतो. पण चार वादकांची एखादी रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. कलावंताचे पोट मात्र आजच्या भावाने भरायचे असते. तासभराचा बडा ख्याल अर्ध्या तासात उरकला, तर उत्पादकता वाढली असे कोणी म्हणणार नाही. ख्याल बिघडला एवढेच म्हणेल. म्हणून प्रत्यक्ष गायन इतर वस्तूंच्या मानाने महागच होत जाते आणि केवळ बाजारावर सोडले, तर पुढच्या खुर्च्यांपुरते उरते.

१९५३ साली भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. त्याचे थोरपण गवयांच्या नामावलीत आहे तितकेच त्या सतरंजीतही आहे. तिथे कारकून होता, शिक्षक होता, भाड्यापुरते पैसे घेऊन आलेला विद्यार्थी होता. नवा श्रोता अशाच ठिकाणी घडतो. आजच्या विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनमध्ये हवा तो गवई हव्या त्या घटकेला गातो, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण हवे तेव्हा थांबवता येणारे गाणे ऐकणे वेगळे आणि शेजारच्याची शाल अर्धी पांघरून, थांबवता न येणाऱ्या गाण्याच्या स्वाधीन होणे वेगळे.

मागणे फार मोठे नाही. प्रत्येक नगरपालिकेने वर्षातून निदान एक रात्र आपले सभागृह नाममात्र भाड्याने रात्रभराच्या मैफलीसाठी द्यावे. खुल्या मैदानात सकाळी सहाला सत्र सुरू करता येते. दिवाळी पहाटेला पाचच्या गजराने उठणारा श्रोता आपल्याकडे आहेच, त्याला वर्षात आणखी दोन पहाटा द्याव्यात. आणि प्रत्येक मैफलीत सतरंजीची जागा राखावी, तिचे तिकीट विद्यार्थ्याला परवडेल असे ठेवावे. महाविद्यालयांनाही सभागृहे आहेत. स्नेहसंमेलनाच्या खर्चातला एक वाटा याकडे वळवला, तर काही बिघडणार नाही.

भीमसेनजी २०११ साली गेले. शालीचे टोक देणारे ते गृहस्थ आज कुठे असतील, मला ठाऊक नाही. त्यांचे ऋण त्यांना परत करता येणार नाही. ते पुढच्या कुणालातरीच फेडावे लागेल. पण त्यासाठी सतरंजी हवी आणि रात्र हवी. शाल माझ्याजवळ आहे.