पाठ कोणाचा?

ज्ञानेश्वरीचं एखादं मोबाइल अ‍ॅप उघडून पाहा. अक्षरं लहान-मोठी करता येतात. रात्री वाचायला काळी पार्श्वभूमी मिळते. ओवीवर बोट ठेवलं की अर्थ दिसतो, पुन्हा ठेवलं की ती व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. नसते ती फक्त एक ओळ. हा पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला, कोणी तपासला, कोणत्या साली? कित्येक अ‍ॅपमध्ये ही ओळ शोधूनही सापडत नाही.

पोथी फोनमध्ये आली याला हरकत घ्यायचं कारण नाही. आपल्या जुन्नर-आंबेगावात तर नाहीच नाही. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले असं आपण मानतो, त्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला आहे. ज्ञानाला दाराशी अडवू नका, हेच ती कथा सांगते. मुंबईत डबे पोहोचवणाऱ्या इथल्या माणसाला लोकलमध्ये हरिपाठ वाचता येतो. नजर अधू झालेल्या आजीला ओवी मोठी करून वाचता येते. ही सोय मोलाची आहे. म्हणूनच तिच्यातला पाठ चोख हवा.

पाठ चोख का हवा, हे सप्ताहात पारायणाला बसलं की उघड होतं. व्यासपीठचालक ओवी सुरू करतात, वाचक एका सुरात ती उचलतात. कोणापुढे पोथी असते, कोणाच्या हातात फोन. प्रती वेगळ्या असल्या की एखाद्या चरणाला सूर फाटतो. एखादा वाचक थबकतो, शेजारच्या पोथीत डोकावतो आणि पुढे जातो. कोणता पाठ बरोबर, हे कोणी विचारत नाही.

एकनाथांनी विचारलं होतं. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढची जवळपास तीनशे वर्षं ती नकला होत फिरली आणि पाठ बिघडत गेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तो शुद्ध केला. यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही लिहून ठेवली. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पोथीवरून वेगळा पाठ छापला. त्यावर मतभेद झाले आणि ते होणंच योग्य होतं. पाठ पटो न पटो, जाब कोणाला विचारायचा हे वाचकाला ठाऊक होतं.

अ‍ॅपमधल्या पाठाला असा धनी नाही. जुन्या मराठीत एका अनुस्वाराने वचन बदलतं, विभक्ती बदलते. टंकताना टिंब गळलं की अर्थ सरकतो. छापील चूक निदान पानावर राहते. दुसरी प्रत शेजारी ठेवून ती दाखवता येते. अ‍ॅपमधला मजकूर एका अपडेटमध्ये बदलतो आणि काल काय होतं याची खूणही उरत नाही. तोच मजकूर दुसऱ्या अ‍ॅपने उचलला की चूकही सोबत जाते. तीनशे वर्षांत नकलांनी जे केलं, ते आता तीन दिवसांत होऊ शकतं.

अ‍ॅप काढणाऱ्यांनी पहिल्याच पडद्यावर प्रत, संपादक आणि वर्ष लिहावं. मजकूर बदलला तर काय बदललं तेही सांगावं. याला ना पैसा लागतो, ना मोठं तंत्र. पण कोणी मागितल्याशिवाय हे होणार नाही, आणि मागण्याचा पहिला हक्क पारायण करणाऱ्या गावांचा आहे. आपल्या सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकार, मृदंगाचार्य, अन्नदाते अशी सगळ्यांची नावं असतात. यंदापासून त्याच पत्रिकेवर एक ओळ वाढवा: पारायण कोणत्या प्रतीवरून होणार. फोनवर वाचणाऱ्यानेही तीच प्रत उघडावी. ज्या अ‍ॅपला आपल्या प्रतीचं नाव सांगता येत नाही, त्यावरून पारायण करू नये.