एका अंगणातील दोन हंड्या

आफ्रिकेत आपल्या समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतही नोकरी-व्यापाराच्या निमित्ताने आपली मुले-मुली जात असतात. तेथे एखादा शेजारी किंवा व्यवहारातील माणूस सुटीच्या दिवशी आग्रहाने घरी बोलावतो, तेव्हा जेवणाचा बेत बहुधा अंगणात असतो. निखाऱ्यांवर तीन पायांची बिडाची काळी हंडी ठेवलेली असते आणि मंडळी भोवती गप्पा मारीत बसलेली असतात. आफ्रिकान्स भाषेत या हंडीला ‘पॉइकी’ आणि तीत शिजणाऱ्या रसदार पदार्थाला ‘पॉइकीकॉस’, म्हणजे लहान हंडीतील अन्न, असे म्हणतात.

या हंडीचा इतिहास व्यापारी मनाला रुचेल असा आहे. युरोपात पूर्वी चांगली भांडी पितळेची आणि महाग असत. 1707 साली ब्रिस्टलच्या अब्राहम डार्बी यांनी वाळूच्या साच्यात लोखंडी हंड्या ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि सामान्य घराला परवडणारे भांडे बाजारात आले. पुढे अशा हंड्या दक्षिण आफ्रिकेत रुळल्या. 1830 च्या दशकात केप प्रांत सोडून बैलगाड्यांनी आत सरकलेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी त्या सोबत नेल्या. व्यापाऱ्यांकडून त्या स्थानिक आफ्रिकी लोकांच्या घरी पोहोचल्या आणि अनेक ठिकाणी मातीच्या भांड्यांची जागा त्यांनी घेतली.

पाककृतीचा मुख्य नियम एकच आहे : ढवळायचे नाही. ज्याला शिजण्यास वेळ लागतो ते तळाशी, कोवळे ते वर, असे थर रचावयाचे. पाणी थोडेच घालावयाचे. जड झाकणामुळे वाफ आतच राहते, थेंब होऊन पुन्हा अन्नावर पडते आणि प्रत्येक जिन्नस आपली चव राखून शिजतो. पाय असल्यामुळे हंडीखाली निखारे सारता येतात व काढताही येतात. रांधणारा डाव हाती न घेता आतला मंद आवाज ऐकत बसतो. आवाज वाढला की निखारे काढावयाचे, मंदावला की सारावयाचे.

अडचण ही की तळाचा थर बहुधा मांसाचा असतो. आमंत्रण नाकारावे तर जिव्हाळा दुखावतो. स्वीकारावे तर आचार मोडतो. वरवरची भाजी वेगळी काढून घेणे हा मार्ग नव्हे, कारण रस एकच असतो. मात्र निखारे पसरले की त्यांवर दोन हंड्या सहज मावतात. यजमानास आधी नम्रपणे सांगून स्वतःची हंडी घेऊन जावे आणि ती शेजारी मांडावी. आपला डाव व झाकणही वेगळे ठेवावे.

हंडी मात्र नवी आणि आपलीच असावी. बिडाला तेल लावून तापविले की तेलाचा पातळ काळा थर त्यावर घट्ट बसतो. तोच भांड्याला गंजापासून वाचवितो. तिकडे या कामी प्राण्यांची चरबी वापरण्याची जुनी चाल आहे. म्हणून उसनी हंडी घेऊ नये. तयार थराची हंडी घेताना कोणते तेल वापरले आहे ते दुकानदारास विचारावे. थर नसलेली हंडी घेणे सर्वांत बरे. ती घासून, कोरडी करून, वनस्पती तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावी. असे तीन-चार वेळा करावे.

तळाशी रात्रभर भिजवून अर्धे शिजविलेले हरभरे घालावेत. त्यावर कच्ची केळी व लाल भोपळा, मग दुधी, तोंडली, फरसबी आणि सर्वांत वर ओले वाटाणे. हिंग, सुंठ, धने-जिरे व मीठ प्रत्येक थरावर भुरभुरावे. चिंच किंवा टोमॅटो शेवटच्या दहा मिनिटांतच घालावा. आंबट पदार्थ फार वेळ शिजला तर तेलाचा थर सुटतो आणि अन्नाला लोखंडाची चव येते. उरलेले अन्न हंडीत ठेवू नये.

जयणा येथेही पाळता येते. लाकडाच्या फटींत कीटक असतात, म्हणून लोणारी कोळसा पसंत करावा. लाकूडच वापरणे झाले तर ते फोडून, झटकून, पाहून घ्यावे. विस्तव जमिनीवर न करता पायांच्या लोखंडी तसराळ्यात करावा. वेळेचे गणित उलटे मांडावे. जोहान्सबर्गला जून महिन्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. साडेचारला पाने वाढावयाची तर शिजण्यास दोन तास आणि निखारे होण्यास पाऊण तास धरून पावणेदोनला विस्तव पेटलाच पाहिजे. यजमानास ही वेळ आदल्या दिवशीच सांगावी.

याच हंडीत खोसा लोक ‘उम्न्गुशो’ नावाचा पदार्थ रांधतात. नेल्सन मंडेला यांच्या आवडीचा म्हणून तो प्रसिद्ध आहे. भरडलेला मका आणि राजम्यासारख्या शेंगांचे दाणे रात्रभर भिजवून तासन्‌तास मंद शिजवितात. कांदा व चरबी न घालता तो आपल्या हंडीत करता येतो. पाहुण्याने यजमानाच्या भूमीतील पदार्थ आपल्या आचारानुसार रांधून त्यालाच वाढला, तर त्याहून मोठा सन्मान कोणता? आपल्या हंडीतला पहिला डाव म्हणून यजमानाच्या ताटात पडावा. व्रत आपल्यापाशी राहते आणि पंगत दोघांची होते.