बंदिवासानंतरचे मौन

कारागृहातून सुटलेला पुरुष गावी परतला म्हणजे त्याच्याभोवती चार माणसे जमतात, खटल्याची हकीकत विचारतात आणि तोही ती सविस्तर सांगतो. परंतु सुटलेली स्त्री उंबरठा ओलांडते तेव्हा तिचे तेवढे दिवस घराने पुसून टाकलेले असतात, आणि ‘कामाला गेली होती’ हे शेजाऱ्यांसाठी आधीच योजून ठेवलेले उत्तर तिलाही निमूटपणे द्यावे लागते. मुलाखतीच्या दिवशी जाळीपलीकडे कोणीच न आल्याचे दुःख, जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे लांबलेला बंदिवास, आजीकडे ठेवलेल्या लेकराने परतल्यावर आपल्याला न ओळखणे, हे सारे तिच्या अंतःकरणात कोंडलेलेच राहते. शिक्षेचा हा उर्वरित भाग कोणत्याही न्यायाधीशाने फर्मावलेला नाही; तो आपण लादलेला आहे.

१९४५ च्या वारली उठावाच्या अग्रभागी राहिलेल्या गोदावरी परुळेकरांनी आपल्या तुरुंगवासाची कहाणी ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या पुस्तकात सांगितली. त्यांच्यापाशी लेखणी होती. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील निरक्षर बाईपाशी केवळ वाणी आहे, आणि तेच भोगलेल्या दुसरीच्या तोंडून आपलीच व्यथा ऐकल्यावाचून, ही लाज आपल्या एकटीची नव्हे, हे तिला उमगत नाही.

अशा कथनाचे सामर्थ्य महाराष्ट्राने पाहिले आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्रियांशी संवाद साधला, आणि त्यांतील पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना त्या स्त्रियांची भेट घेण्यास फर्मावले, ते दुसरे कोणीही हजर नसताना; कारण अंमलदारासमोर बंदिनी खरे बोलणार नाही, हे न्यायालयाने जाणले होते. पुढे १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या व स्त्री शिपायांचा पहारा बंधनकारक झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रमही १९९० पासून बंदी व सुटून आलेल्यांसाठी कार्यरत आहे. म्हणजे वाट अज्ञात नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी जव्हार-मोखाड्याला सामावणारा पालघर जिल्हा निर्माण झाला आणि कोळगावच्या माळावर जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद व पोलीस अधीक्षकांचे कार्यालय यांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. दाखला, दावा, अर्ज अशा नाना कामांसाठी दूरदूरच्या स्त्रिया तेथे येतातच. त्याच आवारात महिन्यातून एक दिवस एक खोली सुटून आलेल्या स्त्रियांसाठी मोकळी ठेवावी. तेथे खाकी गणवेश नसावा, नावांची नोंदवही नसावी, वारली बोली समजणारी एक समुपदेशक असावी, आणि येण्याजाण्याचे भाडे व बुडालेला रोज सरकारने द्यावा. खर्च अल्प आहे, गरज मोठी आहे. जिल्हा प्रशासनाने एवढे मनावर घ्यावे, ही कळकळीची विनंती.