गुणवत्तेचा दाखला आणि धाडचा पालक

धाड हे गाव बुलढाणा तालुक्यात, मराठवाड्याच्या सीमेला लागून आहे. पलीकडे भोकरदन तालुका सुरू होतो. १९५६ पूर्वी ही दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे जुन्या मध्य प्रदेशातला वऱ्हाड आणि पलीकडे हैदराबाद. पुढे महाराष्ट्र झाला, बाजार आणि रस्ते एक झाले. सोयरिकी तर आधीपासूनच होत्या. परंतु ही पुसलेली सीमा एका ठिकाणी अजून शाबूत आहे, आणि ते ठिकाण म्हणजे अभियांत्रिकी प्रवेशाचा अर्ज. राज्यातील बहुतेक महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून बारावी झालेल्यांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात. धाडचा मुलगा बुलढाण्यातून बारावी झाला तर तो अमरावती विद्यापीठाचा, भोकरदनमधून झाला तर संभाजीनगरच्या विद्यापीठाचा. शिकवणीच्या ओढीने लातूरला गेला तर तो नांदेड विद्यापीठाचा ठरतो. घर तेच, शेत तेच, बाप तोच. पण मुलाचा ‘गाव’ बदलतो. हे बापाला कळते ते बहुधा दोन वर्षांनंतर, पसंतीक्रम भरण्याच्या दिवशी, संगणक केंद्रातल्या मुलाकडून.

आपल्या चळवळीत शिक्षणाविषयी बोलताना आपण फी, अनुदान आणि शिक्षकभरती एवढ्यावर थांबतो. हे प्रश्न खरेच आहेत. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत शिक्षणाच्या दारावर एक नवा पहारेकरी बसला आहे. तो फी मागत नाही, तो माहिती मागतो. कोणती परीक्षा कोणत्या इयत्तेत, कोणत्या शाळेतले मूल तिला पात्र, कोणता दाखला कोणत्या तारखेपर्यंत, गुण म्हणजे काय आणि परसेंटाइल म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक त्याचे मूल आत जाते. ही माहिती वर्गीय मालमत्ता झाली आहे, हे आपण नीट ओळखलेले नाही.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचेच उदाहरण पाहावे. केंद्राने २००८ मध्ये सुरू केलेली ही योजना गरीब पण हुशार मुलांसाठी आहे. आठवीत परीक्षा होते. बुद्धिमत्तेचे ९० आणि अभ्यासक्रमाचे ९० प्रश्न असतात. दोन्ही मिळून ४० टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२ टक्के. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. देशभरात एक लाख शिष्यवृत्त्या असून महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ येतात. म्हणजे ४० टक्के मिळाले म्हणून शिष्यवृत्ती मिळाली असे नव्हे. ती केवळ रांगेत उभे राहण्याची परवानगी आहे, पुढे कोटा आणि गुणानुक्रम आहेच. ‘पास झाला, पण यादीत नाव नाही’ हे वाक्य ऐकून गोंधळणारे पालक अडाणी नसतात. एकाच शब्दाला दोन अर्थ देणारी व्यवस्था त्यांना गोंधळात टाकते.

त्यातही ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत शिकणारा मुलगा कितीही गरीब असला तरी परीक्षेला बसू शकत नाही. नवोदय विद्यालयातला मुलगाही नाही, कारण त्याचा खर्च सरकार उचलतेच. ते समजण्यासारखे आहे. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक नाहीत म्हणून, कर्ज काढून, मुलाला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे काय? सरकारने आधी शाळा दुबळी केली, मग ती सोडल्याचा दंड मुलाकडून घेतला. दंड नकळत बसतो, एवढेच.

आता रक्कम. आरंभी महिन्याला ५०० रुपये होते, २०१७ पासून १,००० झाले. वर्षाचे १२,००० म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये या हमीभावाने सव्वादोन क्विंटल सोयाबीन. बाजारात हमीभाव मिळत नाही हे धाडच्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही, तेव्हा त्याच्या हिशेबात हे सोयाबीन थोडे अधिकच भरेल. रक्कम क्षुल्लक नाही. चार वर्षांचे ४८,००० रुपये एखाद्या मुलीचे शिक्षण दहावीनंतर चालू ठेवू शकतात, आणि म्हणूनच ती मधेच तुटते तेव्हा त्याचे दुःख खरे असते. तुटण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. दर वर्षी संकेतस्थळावर नूतनीकरण करावे लागते. बँक खाते आधारला जोडलेले असावे लागते. दहावीला किमान ६० टक्के पडावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. घरात आजारपण आले आणि दहावीला ५८ टक्के पडले, तर गरिबी कमी झालेली नसते, फक्त तिचे प्रमाणपत्र रद्द झालेले असते.

बारावीनंतरची सीईटी हा याहून अवघड घाट आहे. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून गुणांऐवजी परसेंटाइल दिले जाते. आपल्या सत्रात बसलेल्यांपैकी शेकडा किती जण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे, एवढेच ते सांगते. मुलाला ८५ परसेंटाइल म्हणजे ८५ टक्के नव्हेत. २०० पैकी त्याचे गुण बरेच कमी असू शकतात. बापाने आपल्या काळातली ‘डिस्टिंक्शन’ आठवून पेढे वाटावेत आणि महिन्याभराने मुलाला हवे ते महाविद्यालय न मिळावे, असे घडते ते यामुळे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथेच खरी मेख आहे. परसेंटाइल ही ज्ञानाची नव्हे, स्थानाची मोजणी आहे. सगळ्या मुलांनी दुप्पट अभ्यास केला तरी निम्मी मुले ५० च्या खालीच राहणार. फ्रेड हिर्श या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये अशा वस्तूंचे वेगळे विवेचन केले, ज्यांचे मोल दुसऱ्यापाशी त्या नसण्यावर अवलंबून असते. सभेत पुढचा माणूस उभा राहिला की मागच्यालाही उभे राहावे लागते. शेवटी सगळे उभे असतात आणि कोणालाच अधिक दिसत नाही. शिकवणीवर्गांचा धंदा नेमका याच उभे राहण्यावर चालतो. एकाने लाख रुपये भरले की दुसऱ्याला भरावे लागतात. समाजाच्या एकूण विद्येत त्याने किती भर पडते, हे कोणी विचारत नाही. पण धाडच्या शिवारातला एखादा एकर त्यापायी गहाण पडतो.

आणि हे यंत्र बिनचूक तरी आहे काय? २७ एप्रिल २०२५ च्या सत्रात गणिताचे २१ प्रश्न सदोष निघाले आणि सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. फेरपरीक्षा शहरातल्या मुलाला एक दुपार पडते. गावातल्या मुलीला पुन्हा एसटीचे भाडे, सोबत कोणीतरी मोठे माणूस आणि त्या माणसाची बुडालेली मजुरी पडते. दोघांचे परसेंटाइल मात्र एकाच तराजूत तोलले जाते, सात दशांश स्थळांपर्यंत!

‘गुणवत्ता’ हा शब्द उच्चारला की भले भले गप्प होतात. मेरिटॉक्रसी हा शब्द ज्याने रूढ केला तो मायकेल यंग ब्रिटिश मजूर पक्षाचा कार्यकर्ता होता, आणि त्याचे १९५८ चे पुस्तक गुणवत्तेच्या राज्याचे गुणगान नव्हते, ते उपरोधिक भाकीत होते. त्याच्याच पक्षाच्या पंतप्रधानाने तो शब्द आदर्श म्हणून वापरला, तेव्हा २००१ मध्ये म्हाताऱ्या यंगला जाहीर तक्रार करावी लागली. महाराष्ट्राला मात्र हे कळायला विलायतेची वाट पाहावी लागली नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शिष्यवृत्त्यांचा प्रश्न स्पष्ट मांडला आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले, तरी ज्या वर्गांत विद्या पोचलेली नाही तेथे ती पोचवण्याचे काम त्याने होत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. जवळजवळ दीडशे वर्षे झाली, निवेदन अजून विचारार्थच आहे.

यावर कोणी म्हणेल, मग परीक्षाच नकोत काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परीक्षा गेली की शिफारस येते आणि शिफारशीच्या बाजारात धाडचा भाव परीक्षेहूनही कमी आहे. जुन्या कॅपिटेशन फीचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांनी सामायिक परीक्षेचे काही अंशी स्वागत केले ते उगीच नव्हे. प्रश्न परीक्षा असण्याचा नाही, एका परीक्षेला सर्व काही ठरवू देण्याचा आहे. तामिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी राखल्या. परीक्षा तीच ठेवली, पण शर्यत सुरू होते ती जागा हिशेबात धरली. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांसाठी असे का होऊ नये, याचे उत्तर सत्ताधाऱ्यांकडून मागितले पाहिजे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे होते. त्या आयोगाने सांगितलेली समान शाळा आपण आणली नाही; निदान तिच्या अभावाची भरपाई तरी मागू.

सवलती नाहीत असे नव्हे. २०२४ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि मराठा मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ आहे. हे पाऊल योग्यच आहे. केंद्राच्या आर्थिक दुर्बल आरक्षणात मात्र पाच एकर शेती असलेले कुटुंब बाद होते. कालव्याखालचे पाच एकर आणि मुरमाड माळाचे पाच एकर यांत दिल्लीला फरक दिसत नाही. हा निकष बदलण्याची मागणी शेतकरी संघटनांनी अजून जोरात केलेली नाही, ती झाली पाहिजे.

तोवर त्या भागातील कार्यकर्त्यांना एक साधे काम आहे. शिष्यवृत्तीची परीक्षा साधारणतः डिसेंबरात असते, अर्ज त्याआधी भरायचे असतात. पावसाळा संपता संपता गावोगावच्या अनुदानित आणि जिल्हा परिषद शाळांत जावे, मुख्याध्यापकांकडून आठवीच्या वर्गाची यादी पाहावी आणि किती घरांत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे ते विचारावे. ज्यांची मुले दहावीला आहेत, त्यांना अकरावीचे गाव ठरवण्यापूर्वी विद्यापीठक्षेत्राचा नियम समजावून सांगावा. मागल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांपैकी कोणाचे नूतनीकरण राहिले, तेही त्याच फेरीत कळेल.